पगाराचं इंग्रजी : वाचकांचे प्रश्न

पगार, सवलती आणि सहकाऱ्यांचा उत्साह या विषयांवर इंग्रजीत बोलताना अडखळायला होतं, अशी बरीच पत्रं या वेळी आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. इंग्रजी वाक्यं कानाला जशी ऐकू येतात तशी दिली आहेत. ती मोठ्याने म्हणून पाहा, नुसती वाचून जिभेवर बसत नाहीत.

प्रश्न : मी चार वर्षं एका कंपनीत आहे. वरिष्ठांशी सगळा व्यवहार इंग्रजीतून चालतो. कामाचं बोलणं जमतं, पण पगारवाढ मागायची वेळ आली की 'आय वॉन्ट इन्क्रिमेंट' एवढंच तोंडातून निघतं आणि ते उद्धट वाटतं. सुरुवात कशी करू?

उद्धट वाटतं, कारण मागणी आधी येते आणि तिचा आधार नंतरही येत नाही. शब्द बदलण्याआधी क्रम बदला : वेळ मागा, काम मांडा, आकडा सांगा आणि मग थांबा.

वेळ मागताना विषय लपवू नका. 'कुड वी सेट असाइड हाफ ॲन अवर नेक्स्ट वीक? आय'ड लाइक टू टॉक अबाउट माय रोल अँड माय पे.' विषय आधी कळला की वरिष्ठांना बजेट बघायला, वर विचारायला सवड मिळते. बेसावध गाठलं तर बहुतेक जण सुरक्षित उत्तर देतात, आणि ते उत्तर 'नाही' हेच असतं. एक बारकावा : 'टॉक' नंतर 'अबाउट' लागतं, 'डिस्कस' नंतर लागत नाही. 'आय'ड लाइक टू डिस्कस माय पे' एवढंच बरोबर. मराठीतल्या 'पगाराबद्दल चर्चा' मधला 'बद्दल' आपण नकळत तिकडे नेतो.

काम मांडताना 'वी' सोडून 'आय' म्हणा. सगळ्यांनी मिळून केलेलं काम सांगून एकट्यासाठी वाढ मागता येत नाही. 'सिन्स एप्रिल, आय हॅव टेकन ओव्हर व्हेंडर पेमेंट्स अँड ट्रेन्ड टू न्यू जॉइनर्स.' अशी दोन-तीन कामं पुरेत, आणि निदान एकात तरी मोजता येण्याजोगा परिणाम असावा : 'द मंथली क्लोज यूज्ड टू टेक एट डेज. इट नाऊ टेक्स फाइव्ह.' इथे एक चूक हमखास होते. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स' असं म्हणू नका. बरोबर वाक्य 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स'. 'सिन्स' पुढे सुरुवातीचा क्षण येतो, 'फॉर' पुढे कालावधी. घराचे हप्ते, मुलांच्या फिया हे या बोलण्यात आणू नका. कारणं खरी असतात, पण वरिष्ठांना वर जाऊन तुमची बाजू मांडायची असते आणि तिथे त्यांना तुमचं काम आणि बाजारातला दर हेच दाखवता येतं.

मग आकडा. 'बेस्ड ऑन दॅट, आय'ड लाइक टू आस्क फॉर अ ट्वेल्व्ह पर्सेंट इन्क्रीज इन माय बेस सॅलरी.' सौजन्य 'आय'ड लाइक टू आस्क फॉर' मध्ये आलं, आता आकडा मऊ करू नका. 'मे बी टेन, ऑर एट, व्हॉटेव्हर यू थिंक' असं म्हटलंत की समोरच्याच्या कानात फक्त 'एट' उरतं. 'जस्ट' आणि 'अ लिटल' हे दोन शब्दही गाळा.

यानंतरची शांतता सगळ्यांत अवघड. आकडा सांगून झाल्यावर ती भरून काढण्यासाठी आपण स्वतःच खाली उतरतो. इंग्रजी ही आपली दुसरी भाषा असली की हा मोह दुप्पट होतो, कारण गप्प राहिलो तर भाषा अडली असं वाटेल ही भीती असते. तसं कुणालाही वाटत नाही. पाच-सहा सेकंद जाऊ द्या.

उत्तर अर्धवट आलं तर 'इज देअर एनी फ्लेक्सिबिलिटी ऑन द नंबर?' नकार आला तर दोन प्रश्न, याच क्रमाने : 'व्हॉट वुड यू नीड टू सी फ्रॉम मी टू मेक दॅट पॉसिबल?' आणि 'व्हेन कॅन वी लुक ॲट धिस अगेन?' दुसऱ्या प्रश्नाला महिना किंवा तारीख मिळवा. 'सून' हे उत्तर धरू नका, 'वुड ऑक्टोबर बी रिअलिस्टिक?' असं विचारून नेमकं करा. त्याच दिवशी दोन ओळींचं ईमेल पाठवा, 'ॲज वी डिस्कस्ड' ने सुरू होणारं, ठरलेला आकडा आणि तारीख असलेलं.

'इफ यू डोन्ट गिव्ह, आय विल लीव्ह' ही धमकी आहे. हातात खरोखर दुसरी नोकरी असेल तरच तिचा उल्लेख करा, आणि तोही असा : 'आय हॅव हॅड अनदर ऑफर, बट आय'ड प्रेफर टू स्टे.'

'इन्क्रिमेंट' चूक नाही. ठरलेल्या वेतनश्रेणीतली वरची पायरी असा त्याचा अर्थ लागतो. मागून घेतलेल्या वाढीला अमेरिकेत 'रेझ' आणि ब्रिटनमध्ये 'पे राइझ' म्हणतात. 'हाइक' मुख्यतः बातम्यांच्या मथळ्यांत शोभतो. कुठेही खटकणार नाही असा शब्द 'इन्क्रीज'.

प्रश्न : फोनवर ऑफर सांगितली तेव्हा मी 'फिफ्टी' ऐकलं, पत्रात 'फिफ्टीन' निघालं. टक्क्यांतही गोंधळ होतो. आकडे नीट ऐकायचे आणि सांगायचे कसे?

नियम असा : 'फिफ्टीन' मध्ये जोर शेवटी, आणि तो 'ई' लांब. 'फिफ्टी' मध्ये जोर सुरुवातीला, शेवट आखूड. मराठीत शब्दातल्या अक्षरांवर अर्थ बदलणारा असा जोर नसल्याने आपण दोन्ही सपाट उच्चारतो. त्यात आणखी अडचण म्हणजे पुढे नाम आलं की 'फिफ्टीन' मधला जोरही मागे सरकतो. 'फिफ्टीन डेज' म्हणताना इंग्रजी मातृभाषेचा माणूसही पहिल्या अक्षरावर जोर देतो. त्यामुळे कानावर विसंबू नका, सुटे अंक विचारा : 'सॉरी, इज दॅट वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?' हा प्रश्न अनुभवी लोकही विचारतात, त्यात कमीपणा काही नाही.

लाख आणि कोटी भारतीय उपखंडाबाहेर कळतील असं धरून चालू नका. 2,40,000 ही रक्कम तिकडे 240,000 अशी लिहितात आणि 'टू हंड्रेड अँड फॉर्टी थाउजंड' अशी वाचतात. अमेरिकन लोक मधला 'अँड' बहुधा गाळतात. दहा लाख म्हणजे 'वन मिलियन', एक कोटी म्हणजे 'टेन मिलियन'. बोलताना हजारासाठी 'के' चालतो : 'सिक्स्टी के'. रक्कम महिन्याची की वर्षाची, कर कापण्याआधीची की नंतरची, हे गृहीत धरू नका. 'इज दॅट पर मंथ ऑर पर इयर?' आणि 'इज दॅट ग्रॉस ऑर नेट?' हे दोन प्रश्न प्रत्येक आकड्यामागे लावा.

आता 'बाय' आणि 'टू'. पगार 40,000 होता, 45,000 झाला. 'माय पे वेंट अप बाय फाइव्ह थाउजंड' म्हणजे वाढ किती, आणि 'वेंट अप टू फॉर्टी-फाइव्ह थाउजंड' म्हणजे आता किती. वाटाघाटीत या दोन छोट्या शब्दांची अदलाबदल झाली तर रक्कमच बदलते. टक्क्यांवर टक्के आले की जास्त जपा. कमिशन 4 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेलं तर ते 'टू पर्सेंटेज पॉइंट्स' ने वाढलं. 'बाय टू पर्सेंट' म्हटलंत तर काटेकोर हिशेबात ते फक्त 4.08 टक्के होतं. शंका नको असेल तर दोन्ही टोकं सांगा : 'फ्रॉम फोर पर्सेंट टू सिक्स पर्सेंट'. 'पर्सेंट' ला अनेकवचनाचा 'स' लावू नका.

'रेझ' आणि 'राइझ' क्रियापद म्हणून वापरताना एवढं लक्षात ठेवा : कुणीतरी पगार वाढवतं तेव्हा 'दे रेझ्ड अवर पे', आणि पगार वाढतो तेव्हा 'अवर पे रोझ'. 'इन्क्रीज' नाम असताना जोर 'इन' वर, क्रियापद असताना 'क्रीज' वर.

प्रश्न : सॅलरी, वेज, पे, कॉम्पेन्सेशन, रेम्युनरेशन. कुठे काय वापरायचं?

'सॅलरी' म्हणजे वर्षाला ठरलेली आणि बहुधा महिन्याने मिळणारी रक्कम. 'वेज' तासावर किंवा आठवड्यावर मोजला जातो. 'पे' दोन्हींना चालतो, म्हणून बोलण्यात तोच जास्त वापरा. 'कॉम्पेन्सेशन' मध्ये पगार, बोनस, शेअर, सवलती सगळं येतं, पण हा वापर मुख्यतः अमेरिकी आहे. ब्रिटनमध्ये याच शब्दाने आधी नुकसानभरपाई डोळ्यांपुढे येते. 'रेम्युनरेशन' कागदावरचा शब्द आहे. म्हणावाच लागला तर रि-म्यू-न-रे-शन असा म्हणा, 'म' आणि 'न' यांची जागा बदलण्याची चूक इंग्रजांच्या तोंडीही सर्रास होते.

प्रश्न : ऑनलाइन मुलाखतीत 'व्हॉट आर युअर सॅलरी एक्स्पेक्टेशन्स?' असं विचारलं की मी 'निगोशिएबल' म्हणून मोकळा होतो. हे बरोबर आहे का?

त्या उत्तरातून समोरच्याला काहीच मिळत नाही, आणि प्रश्न फिरून तुमच्याकडेच येतो. आधी त्यांचा आवाका विचारा : 'कुड यू टेल मी द रेंज यू हॅव बजेटेड फॉर द रोल?' तरीही आग्रह झाला तर : 'आय'म लुकिंग फॉर समथिंग बिटवीन सिक्स्टी अँड सिक्स्टी-फाइव्ह थाउजंड, डिपेंडिंग ऑन द रेस्ट ऑफ द पॅकेज.' 'बिटवीन' ला 'अँड' लागतो, 'फ्रॉम' ला 'टू'. 'बिटवीन सिक्स्टी टू सिक्स्टी-फाइव्ह' ही खिचडी टाळा. खालचा आकडा असा ठेवा की तोच मिळाला तरी तुम्ही आनंदाने रुजू व्हाल, कारण कंपनी तिथूनच मोजायला लागते.

सध्याचा पगार सांगणं सगळीकडे बंधनकारक नसतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत उमेदवाराला आधीचा पगार विचारण्यावर कायद्याने बंधन आहे, आणि युरोपीय संघाच्या 2023 च्या वेतन-पारदर्शकता निर्देशातही तशी बंदी आहे. सांगायचं नसेल तर 'आय'ड प्रेफर टू फोकस ऑन व्हॉट धिस रोल इज वर्थ' असं शांतपणे म्हणा.

प्रश्न : मी मनुष्यबळ विभागात आहे. परदेशातल्या नव्या कर्मचाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर सवलती समजावून सांगते. नंतर 'तुम्ही तर असं म्हणाला होतात' अशा तक्रारी येतात. चुकतं कुठे?

असा वाद बहुतेक वेळा एखाद्या छोट्या शब्दावरून उभा राहतो. सगळ्यांत घातक जोडी 'एलिजिबल' आणि 'एंटायटल्ड'. 'एंटायटल्ड टू' म्हणजे हक्काचं, मिळणारच : 'ऑल फुल-टाइम स्टाफ आर एंटायटल्ड टू ट्वेंटी डेज ऑफ पेड लीव्ह अ इयर.' 'एलिजिबल फॉर' म्हणजे अट पूर्ण होते, विचार होऊ शकतो : 'यू'ल बी एलिजिबल फॉर द बोनस आफ्टर सिक्स मंथ्स.' सहा महिन्यांनी बोनस मिळेलच असं हे वाक्य म्हणत नाही. तिथे तुम्ही 'यू'ल गेट द बोनस' म्हणालात तर ते वचन झालं, आणि ऐकणाऱ्याने ते धरून ठेवलं तर त्याची चूक नाही. बोनस कंपनीच्या मर्जीवर असेल तर 'डिस्क्रिशनरी' हा शब्द उच्चारा आणि लगेच साध्या भाषेत फोड करा : 'दॅट मीन्स इट इजन्ट गॅरंटीड.' 'अप टू फिफ्टीन पर्सेंट' सांगताना 'अप टू' गिळू नका. घाईत नेमके हेच दोन शब्द हरवतात.

रजेचं बोलताना 'लीव्ह' ला अनेकवचन नको. 'टू लीव्हज' म्हटल्यावर झाडाची पानं आठवतात, म्हणा 'टू डेज ऑफ लीव्ह'. 'हॉलिडे' हा शब्द ब्रिटिश माणसाला स्वतःची घेतलेली सुट्टी वाटतो, अमेरिकन माणसाला सरकारी सुट्टी. स्वतःच्या सुट्टीला तो 'व्हेकेशन' म्हणतो. दोन्हीकडचे लोक कॉलवर असतील तर 'पेड लीव्ह' आणि 'पब्लिक हॉलिडे' असे वेगळे शब्द शेवटपर्यंत पाळा. उरलेली रजा पुढच्या वर्षात नेता येत असेल तर 'यू कॅन कॅरी ओव्हर अप टू फाइव्ह डेज', पैसे मिळत असतील तर 'अनयूज्ड डेज आर पेड आउट'. यांतलं काहीच नसेल तर तेही सांगा : 'अनयूज्ड डेज एक्स्पायर ॲट द एंड ऑफ द इयर.' न सांगितलेली गोष्ट लोक आपल्या सोयीने भरून घेतात.

विम्यात तीन गोष्टी स्वतंत्र वाक्यांत सांगा : हप्ता कोण भरतं, घरातलं कोण-कोण त्यात येतं, आणि दाव्यातली पहिली किती रक्कम कर्मचाऱ्याने सोसायची. या शेवटच्या रकमेला अमेरिकेत 'डिडक्टिबल' आणि ब्रिटनमध्ये 'एक्सेस' म्हणतात. त्या भांडणात न पडता 'यू पे द फर्स्ट फाइव्ह हंड्रेड ऑफ एनी क्लेम, अँड द इन्शुरर पेज द रेस्ट' असं म्हटलं की दोघांनाही कळतं.

निवृत्तिनिधीचं ठरलेलं वाक्य आहे 'वी मॅच युअर कॉन्ट्रिब्यूशन्स अप टू फाइव्ह पर्सेंट ऑफ बेस पे'. त्याला उदाहरण जोडाच. कर्मचाऱ्याने 3 टक्के भरले तर कंपनी 3 भरते, 5 ला 5, आणि 8 भरले तरी 5 च. हे 'मॅच' नीट न कळल्यामुळे अनेक जण कमी भरतात आणि कंपनीकडून मिळणारे पैसे सोडून देतात.

शेअरच्या पर्यायांबाबत, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याच्या हक्काबाबत, 'व्हेस्ट' हे क्रियापद अटळ आहे : तो हक्क कर्मचाऱ्याचा पक्का होणं. चार वर्षांत, पहिल्या वर्षाच्या 'क्लिफ' सह, ही रूढ पद्धत अशी सांगा : अकराव्या महिन्यात सोडलंत तर काही नाही. बारा महिने पूर्ण झाले की एकदम 25 टक्के. त्यानंतर बहुधा दर महिन्याला एकूण शेअरचा 48 वा भाग. 'नथिंग व्हेस्ट्स इन द फर्स्ट ट्वेल्व्ह मंथ्स' हे वाक्य सगळ्यांत आधी, बाकीचं नंतर.

जादा तासांना 'टाइम अँड अ हाफ' म्हणजे तासाच्या दराच्या दीडपट. 20 च्या दराने काम करणाऱ्याला तासाला 30.

कॉलच्या शेवटी 'डिड यू अंडरस्टँड?' असं विचारू नका. 'नो' म्हणायला लोक लाजतात. 'व्हिच पार्ट वुड यू लाइक मी टू गो ओव्हर अगेन?' असं विचारलं की निदान एक प्रश्न तरी येतो.

प्रश्न : यंदा पगारवाढ नाही आणि ही बातमी माझ्या टीमला मीच द्यायची आहे. मंडळी आधीच नाराज आहेत. त्यांचा उत्साह टिकेल असं इंग्रजीत कसं बोलू?

आधी एक समज पक्की करा, वाक्यं नंतर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडलेली विभागणी इथे उपयोगी पडते. पगार आणि कामाची परिस्थिती यांत कमतरता असली की माणूस नाराज होतो, पण ती भरून काढली म्हणून उमेद आपोआप येत नाही. उमेद येते ती जमलेलं काम, दखल आणि जबाबदारी यांतून. यातून बोलण्यापुरता एक धडा घ्या : पगाराच्या तक्रारीला कौतुकाने उत्तर देऊ नका. 'मनी इजन्ट एव्हरीथिंग' हे वाक्य तर कधीच नको. ऐकणाऱ्याला ते अपमानाचं वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं.

वाईट बातमी पहिल्या मिनिटात सांगा, कर्त्यासह : 'वी वोन्ट बी गिव्हिंग पे राइझेस धिस इयर.' 'इट हॅज बीन डिसायडेड' असा निनावी सूर लावला की तुम्ही मागे लपताय असं वाटतं. लगेच 'आय नो दॅट'स डिसअपॉइंटिंग', आणि कारण एकाच वाक्यात. कारणं लांबली की सबबी होतात. त्यानंतर पुढची तारीख : 'वी'ल रिव्ह्यू पे अगेन इन ऑक्टोबर.' ती तारीख वरून पक्की झालेली नसेल तर उच्चारू नका. 'वी विल ट्राय' मधून लोक होकारच ऐकतात. शेवटी तुमच्या हातात जे आहे ते : 'व्हॉट आय कॅन ऑफर इज टू डेज अ वीक फ्रॉम होम, स्टार्टिंग नेक्स्ट मंथ.' काहीच देता येत नसेल तर हे वाक्य गाळा, पोकळ काही भरू नका.

मग प्रत्येकाशी स्वतंत्र बोला. 'व्हाय आर यू नॉट मोटिव्हेटेड?' मधला 'व्हाय' आरोपासारखा लागतो. त्याऐवजी 'व्हॉट'स गेटिंग इन युअर वे ॲट द मोमेंट?' किंवा 'व्हिच पार्ट ऑफ द जॉब वुड यू लाइक मोअर ऑफ?' उत्तर ऐकताना 'यस, बट' ने तोडू नका. 'सो व्हॉट आय'म हिअरिंग इज…' म्हणून त्यांचंच म्हणणं परत सांगा. इंग्रजी दोघांचीही दुसरी भाषा असेल तर याने निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

कौतुक नेमकं असू द्या. 'गुड जॉब' दहा जणांना म्हटलं की कुणाचंच राहत नाही. 'द वे यू हँडल्ड द ऑडिट क्वेरीज सेव्ह्ड अस टू डेज' हे एकालाच लागू पडतं, म्हणून ते लक्षात राहतं.

'ती माझ्याच जागेवर आहे आणि तिला जास्त मिळतं' असं कुणीतरी म्हणेलच. आपण काय देतो आणि काय मिळतं याची तुलना माणूस शेजारच्याशी करत राहतो. जे. स्टेसी ॲडम्स यांनी 1960 च्या दशकात समतेचा सिद्धांत मांडला तो याच तुलनेवर. दुसऱ्याच्या पगाराची चर्चा तुम्ही करू नये, पण प्रश्न झटकूही नये : 'आय कान्ट डिस्कस एनीवन एल्स'स पे, बट आय कॅन टेक यू थ्रू हाऊ युअर्स वॉज सेट.' आणि मग खरंच कागद घेऊन बसा.

उच्चार आणि व्याकरण यांत तीन जागा सांभाळा. उत्साहाच्या 'मोराल' मध्ये जोर 'राल' वर आहे. तो पहिल्या अक्षरावर गेला तर 'मॉरल' होतो, आणि 'टीम मॉरल इज लो' म्हणजे टीमची नीतिमत्ता खालावली असं ऐकू येतं. काम 'मोटिव्हेटिंग' असतं, माणूस 'मोटिव्हेटेड' असतो. आणि 'स्टाफ' म्हणजे सगळे मिळून, एकासाठी 'अ मेंबर ऑफ स्टाफ'. 'माय स्टाफ्स' नको.

प्रश्न : हे सगळं एकट्याने कसं घोटायचं? माझ्याशी इंग्रजीत बोलणारं घरात कुणी नाही.

फोनवर स्वतःचं बोलणं नोंदवा, दीड मिनिटापेक्षा जास्त नको. पहिल्या वेळी फक्त मागणी : काम, आकडा, शांतता. ऐकताना उच्चारांकडे नंतर बघा, आधी आकडा एकदाच आणि ठामपणे आला का ते तपासा, आणि त्यामागे लगेच 'बट' किंवा 'इफ पॉसिबल' जोडलं गेलं का तेही. दुसऱ्या वेळी नकाराचं उत्तर स्वतःच मराठीत म्हणा आणि प्रतिसाद इंग्रजीत द्या. वाक्यं पाठ करू नका, फक्त पहिले तीन-चार शब्द पाठ ठेवा : 'आय'ड लाइक टू आस्क फॉर', 'इज देअर एनी फ्लेक्सिबिलिटी', 'व्हेन कॅन वी'. सुरुवात जिभेवर असली की उरलेलं वाक्य त्या दिवशीच्या आकड्यानुसार तुम्ही स्वतः पूर्ण करता.